गावच्या घराचा पलंग

कोकणातलं आमचं घर वर्षातले दहा महिने कुलूपबंद असतं. म्हसळ्याहून श्रीवर्धनकडे जाताना आत वळलं की आमचं गाव, आणि गावात मशिदीच्या मागच्या अंगाला आमचं कौलारू घर. मे महिन्यात मुलांच्या शाळा सुटल्या की आम्ही ते उघडतो. जळमटं काढतो, विहिरीवरचा पंप सुरू करतो, आणि जूनचा पहिला पाऊस पडायच्या आत पुन्हा कुलूप लावून चिंचवडला परततो. ईद सुट्टीला जोडून आली तर वर्षात आणखी एक फेरी होते. वाचकांपैकी अनेकांच्या घरची हीच गोष्ट असेल. घरधनी मुंबईत, कुवेतमध्ये, दुबईत किंवा जहाजावर, आणि चावी शेजारच्या चाचीकडे.

आमचे अब्बा मात्र समुद्राकडे न जाता घाट चढून आले. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. पुढे आकुर्डी, भोसरी, चिखली या भागांत एमआयडीसी वाढली, मोटारगाड्यांचे कारखाने आले, आणि घाटावर नोकऱ्या मिळतात ही बातमी आमच्या गावापर्यंत पोहोचली. १९७४ साली अब्बा भोसरीच्या एका कंपनीत पॅकिंग खात्यात लागले. परदेशी जाणारे यंत्रांचे भाग लाकडी खोक्यात नीट बसवायचे, खिळे ठोकायचे, वर खुणा रंगवायच्या. छत्तीस वर्षं त्यांनी हेच काम केलं आणि २०१० साली निवृत्त झाले. त्यानंतर त्यांची एकच इच्छा असे, रमजान गावात काढायचा. सहरीला विहिरीचं गार पाणी, पाच पावलांवर मशीद, इफ्तारला चाचीच्या हातचं सांदण. चिंचवडच्या फ्लॅटमध्ये लिफ्टने खाली उतरून रिक्षाने मशिदीत जाण्यात त्यांचं मन रमत नसे.

२०१८ साली अब्बांच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली. डॉक्टरांनी बजावलं की जमिनीवर बसायचं नाही, जमिनीवर झोपायचं नाही, नमाज खुर्चीवर. आणि आमच्या गावच्या घरात तर सगळा कारभार जमिनीवरचा! रात्री माजघरात गाद्या अंथरायच्या, सकाळी गुंडाळून ठेवायच्या. जेवण दस्तरखानावर, गप्पा ओटीवरच्या चटईवर. दोन-चार प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या, त्यांतली एक पाय मोडकी. त्यामुळे २०१९ चा रमजान अब्बांनी चिंचवडलाच काढला. "पुढच्या वर्षी घर नीट सजवू, मग तुम्हाला नेऊ," असं आम्ही त्यांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. "इन्शाअल्लाह" एवढंच म्हणाले.

मग आम्ही कामाला लागलो. डिसेंबरात गावी कमोड बसवून घेतला. जानेवारी २०२० मध्ये फर्निचरची ऑर्डर दिली. दुकानातल्या तयार मालाच्या किमती ऐकून आम्ही कुदळवाडीत गेलो. पिंपरी-चिंचवडच्या लोकांना कुदळवाडी सांगायला नको. चाकण, भोसरी, तळवड्याच्या कारखान्यांत परदेशातून यंत्रं आणि सुटे भाग येतात ते पाइनच्या लाकडी खोक्यांतून. खोकी रिकामी झाली की भंगारवाल्यांकडे जातात, आणि तिथून कुदळवाडीच्या पत्राशेडमध्ये. खिळे उपसायचे, फळ्या रंधून घ्यायच्या, की जर्मनीहून आलेल्या खोक्याचा दिवाण होतो. आमचा मिस्त्री उत्तर प्रदेशचा. हाताखाली चार पोरं, तीही त्याच्याच जिल्ह्यातली. शेडमध्ये भुसा, फेव्हिकॉलचा वास आणि कोपऱ्यात एक स्टोव्ह.

अब्बांनाही सोबत नेलं होतं. त्यांनी काठी टेकत एकेक फळी उलटून पाहिली. अशा फळीवर गव्हाच्या लोंबीसारखं एक चिन्ह, देशाची दोन अक्षरं आणि पुढे 'एचटी' असा शिक्का असतो. अब्बांनी आम्हाला समजावलं, "एचटी म्हणजे भट्टीत तापवलेलं लाकूड. फळीच्या गाभ्यापर्यंत छप्पन अंश उष्णता अर्धा तास पोहोचवतात, म्हणजे आतली कीड मरते. 'एमबी' लिहिलेलं लाकूड घ्यायचं नाही. ते विषारी धुरीचं असतं." मिस्त्री बघतच राहिला. त्या दिवसापासून तो अब्बांना "उस्ताद" म्हणू लागला.

दोन उंच पलंग, सहा खुर्च्यांचं जेवणाचं टेबल, अब्बांच्या नमाजसाठी हातांची एक भक्कम खुर्ची आणि एक कपाट. एकूण अडुसष्ट हजार ठरले. चाळीस हजार आम्ही आगाऊ दिले. माल १५ मार्चला तयार होणार, टेम्पोने ताम्हिणी घाटातून गावी जाणार, आणि एप्रिलच्या अखेरीस रमजान लागेल तेव्हा अब्बा गावी असणार, असा बेत होता. पावती म्हणून मिस्त्रीने एका वहीचं पान फाडून दिलं. त्यावर आकडा होता, तारीख नव्हती.

फेब्रुवारीपासून फेऱ्या सुरू झाल्या. मिस्त्री म्हणे, "असर के बाद आ जाइये." आम्ही कोकणी शाफई, तो हनफी. आमची असर त्याच्या असरच्या चांगली तासभर आधी होते. आम्ही नमाज पढून पोहोचायचो तर तो रंधा मारत म्हणायचा, "अभी असर कहाँ हुई, भाईजान?" मग आम्ही तासभर भुशात उभे. घरी आल्यावर अब्बा हसायचे, "तारीख कागदावर नाही, निदान वेळ तरी घड्याळातली ठरवा!"

१५ मार्चला आम्ही गेलो तेव्हा पलंगांचे सांगाडे उभे होते. कपाटाला दारं नव्हती. मिस्त्रीचं उत्तर ठरलेलं, "बस, पॉलिश बाकी है." त्याने दुसऱ्या एका गिऱ्हाइकाचं हॉटेलचं काम मध्ये घेतलं होतं, हे एका पोराच्या तोंडून निघालं. आम्ही आवाज चढवला. शेवटी ठरलं की येत्या रविवारी, २२ मार्चला, पॉलिश असो वा नसो, टेम्पो निघेल.

२२ मार्चला जनता कर्फ्यू लागला. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी आली. टेम्पोवाल्याने फोन बंद करून ठेवला.

त्या दिवसांत सगळ्यांच्याच घरी मोठी दुःखं होती. आमच्या इमारतीत आजार शिरला होता, ओळखीत मौती होत होत्या, जनाजाला चार माणसं जमत नव्हती. त्यात एका सुट्टीच्या घराचं फर्निचर अडकलं, ही काय सांगायची गोष्ट? पण माणसाचं मन असं चमत्कारिक, की मोठ्या संकटापुढे हात टेकले की ते लहान गोष्ट घट्ट पकडतं. आम्ही रोज मिस्त्रीला फोन करायचो. चाळीस हजारांचा हिशोब रोज मनात व्हायचा. आपण गावी जाऊच शकत नाही, जिल्ह्याच्या हद्दी बंद आहेत, हे ठाऊक असूनही "माल कधी देणार?" हा प्रश्न सुटत नव्हता.

२५ एप्रिलला पहिला रोजा झाला. मशिदी बंद, तरावीह घरात. अब्बा खुर्चीवर बसून इमामत करायचे, मागे आम्ही. गावच्या रमजानबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही.

रमजानच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही मिस्त्रीला शेवटची धमकी दिली. माल खरंच बनला आहे की आमचे पैसे दुसरीकडे फिरवले, ते कळू दे. आत्ताच्या आत्ता फोटो पाठव. थोड्या वेळाने फोटो आला. शेडमध्ये आमचे दोन्ही पलंग शेजारी शेजारी मांडलेले, पॉलिश नसलेले, आणि त्यांवर तोंडावर गमछे घेऊन दोन-दोन पोरं आडवी झोपलेली. भरदुपारी.

आम्हाला आधी राग आला, हे कबूल करायला हवं. आमच्या नव्या कोऱ्या पलंगांवर ही पोरं! घामाचे डाग पडतील, फळ्या लवतील. आम्ही तावातावाने तो फोटो अब्बांना दाखवला.

अब्बांनी चष्मा लावून तो बराच वेळ पाहिला. मग विचारलं, "यांना रोजे आहेत का?"

आम्हाला माहीत नव्हतं.

"सहरीला काय खातात?"

तेही माहीत नव्हतं. दीड महिना आम्ही रोज फोन करत होतो, पण शेडमध्ये किती माणसं अडकली आहेत, शिधा आहे की संपला, हे एकदाही विचारलं नव्हतं. अब्बांनी आमच्या हातून फोन घेतला आणि स्वतः मिस्त्रीशी बोलले. चौघांपैकी तिघांचे रोजे होते. त्यांच्या भाड्याच्या खोलीच्या मालकाने आजाराच्या भीतीने त्यांना बाहेर काढलं होतं, म्हणून ती शेडमध्येच राहत होती. जमिनीवर उंदीर आणि भुशाची अ‍ॅलर्जी, म्हणून पलंगावर. काम बंद, मजुरी बंद. मिस्त्रीने हातातले पैसे शिध्यावर घातले होते, त्यात आमची आगाऊ रक्कमही आली. फोटो पाठवावा की नाही, म्हणून तो अर्धा तास विचार करत बसला होता.

अब्बा आम्हाला रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "आपलं घर रिकामं आहे. रिकाम्या घरासाठी पलंग मागताय, आणि ज्यांनी तो बनवला त्यांना झोपायला जागा नाही. घाई कुणाची मोठी?"

दुसऱ्या दिवशी आम्ही पोलिसांची परवानगी काढून दुचाकीवर तांदूळ, डाळ, तेल, खजूर घेऊन गेलो. उरलेल्या अठ्ठावीस हजारांपैकी दहा हजार दिले. अब्बांचं म्हणणं होतं की सगळेच द्यावेत. पलंग बनला आहे, म्हणजे मजुरी झाली आहे, आणि केलेल्या कामाची मजुरी अडकवून ठेवणं बरं नव्हे. आमचा हात तेवढा मोकळा नव्हता, आणि खरं सांगायचं तर विश्वासही पूर्ण बसला नव्हता. दहाच दिले. मेच्या मध्यावर श्रमिक रेल्वेत नंबर लागून ती पोरं गावी निघून गेली. मिस्त्री एकटा मागे राहिला.

२५ मेला ईद झाली. आणि ३ जूनला दुपारी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. ताशी शंभर किलोमीटरहून जास्त वेगाच्या वाऱ्याने श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, मंडणगड, दापोली या तालुक्यांची काय दशा केली, ते वाचकांना आठवत असेल. आमच्या गावचे फोन बंद पडले. तिसऱ्या दिवशी चाचीच्या मुलाने टेकडीवर चढून, रेंज पकडून फोन केला. आमच्या घराची अर्धी कौलं उडाली होती. मागच्या आंब्याची फांदी माजघरात पडली होती. जिथे अब्बांचा पलंग मांडायचा होता, बरोबर त्याच जागी घोट्याएवढं पाणी साचलं होतं.

आमच्या तोंडून सहज निघून गेलं, "अलहम्दुलिल्लाह! फर्निचर पोहोचलं नव्हतं म्हणून वाचलं. उशीर झाला तो बरंच झालं."

अब्बा त्या वेळी पहिल्यांदा चिडले. "चाचीचं छप्पर गेलं, तिच्या सुपाऱ्या मुळासकट आडव्या झाल्या. पुन्हा बाग उभी राहायला किती वर्षं लागतील, ठाऊक आहे? आणि तुम्हाला आपल्या खुर्च्या वाचल्याचा आनंद? शुक्र जरूर करा, पण शेजाऱ्याचं घर पडलेलं असताना मोठ्याने करू नका."

जूनच्या अखेरीस ई-पास काढून आम्ही गावी गेलो. ताम्हिणीतून ताडपत्र्या, मेणबत्त्या आणि शिधा भरलेल्या कितीतरी गाड्या कोकणात उतरत होत्या. गावात वीज नव्हती. जमातीच्या ज्या मोठ्या देगी आणि भांडी लग्नकार्याला निघतात, त्यांतच साऱ्या गावाचं जेवण शिजत होतं. आमच्या छपरावर ताडपत्री टाकायला चाचीचाच मुलगा वर चढला. त्याच्या स्वतःच्या घरावर अजून निम्मीच टाकून झाली होती.

कौलं बसवायला दिवाळी उजाडली. मिस्त्रीची तीन पोरं ऑक्टोबरात परतली, चौथा आला नाही. त्याने गावीच भाजीची गाडी लावली असं कळलं. पॉलिश झालं आणि डिसेंबर २०२० च्या दुसऱ्या आठवड्यात, ठरल्या तारखेच्या नऊ महिन्यांनी, टेम्पो निघाला. मिस्त्री स्वतः सोबत आला. उशिराबद्दल त्याने टेम्पोच्या भाड्यातले तीन हजार स्वतःच्या खिशातून दिले. आम्ही मागितले नव्हते.

गावी पोहोचल्यावर नवीच अडचण. जुन्या घराचा दरवाजा बुटका आणि अरुंद, पलंग आत जाईना. आम्ही कुणीच दाराचं माप घेतलं नव्हतं! शेवटी अंगणात पलंग सुटा करावा लागला. फळ्या उलट्या ठेवल्या तेव्हा एका फळीच्या खालच्या बाजूला सुतारी पेन्सिलीच्या रेघा दिसल्या. चार उभ्या, एक आडवी, अशा जुड्या करून मोजलेल्या. एकूण एकोणीस. मिस्त्री ओशाळला. "रोजे गिनता था छोटावाला," म्हणाला. विसाव्या रोजाच्या दिवशी ते रेल्वेत बसले होते. तो घाईघाईने पॉलिशपेपर शोधू लागला. अब्बा ओटीवर खुर्चीत बसून सगळं बघत होते. त्यांनी हाताने खूण केली, राहू दे.

त्या रात्री अब्बा आपल्या घरात, आपल्या पलंगावर झोपले. पहाटे फजरच्या अजानला आम्हाला हाक मारायच्या आधीच ते पाय खाली सोडून बसले होते.

सकाळी चाची पलंग पाहायला आली. हात फिरवून "मजबूत आहे" म्हणाली आणि मग सहज बोलून गेली, "अरे, याच्यासाठी भाईजान दोन वर्षं गावात आले नाहीत होय? आमच्या पडवीत लोखंडी पलंग तसाच पडून होता. एक निरोप पाठवायचा ना!"

या वाक्याने आमच्या डोळ्यांत अंजन घातलं. मिस्त्रीच्या नऊ महिन्यांचा हिशोब आम्ही तोंडपाठ केला होता, आमचा स्वतःचा उशीर कधी मोजलाच नव्हता. २०१९ चा रमजान अब्बांचा हुकला तो मिस्त्रीमुळे नाही. तेव्हा तर आम्ही ऑर्डरही दिली नव्हती. एक उसना पलंग आणि एक धड खुर्ची मिळाली असती तर ते २०१९ लाच गावी गेले असते. पण आम्हाला सगळा संच एकदम हवा होता. टेबल, सहा खुर्च्या, कपाट. पाहुणे आले तर बरं दिसावं म्हणून! म्हाताऱ्या माणसाची गरज एका पलंगाची होती, बाकीची हौस आमची होती.

त्या मुक्कामी अब्बा परत आलेच नाहीत. गावीच राहिले. २०२१, २०२२ आणि २०२३, असे तीन रमजान त्यांनी गावात काढले. २०२३ च्या पावसाळ्यात त्याच पलंगावर त्यांचं इंतिकाल झालं. तीन मिळाले त्याचा शुक्र आहे. चौथा मिळू शकला असता, ही खंत आहे. २०२० बद्दल आम्ही काही म्हणत नाही. माल वेळेवर पोहोचला असता, तर ३ जूनला अब्बा त्याच छपराखाली असते. त्यात काय भलं होतं, ते अल्लाहलाच ठाऊक.

या सगळ्यातून चार व्यवहाराच्या गोष्टी आम्ही शिकलो, त्या वाचकांच्या उपयोगाच्या आहेत.

पहिली गोष्ट कागदाची. कुरआनातली सर्वांत मोठी आयत नमाज-रोज्याबद्दल नाही, उधारीचा व्यवहार मुदत घालून लिहून ठेवण्याबद्दल आहे, सूरह बकरातली. हे आपण बयानात ऐकतो आणि सुताराकडून वहीचं फाटकं पान घेऊन घरी येतो. आमच्या मौलाना साहेबांनी नंतर समजावलं, की शाफई फिकहमध्ये बनवून घ्यायच्या मालाचा व्यवहार 'सलम'च्या अटींवर होतो. किंमत आधी पूर्ण द्यायची, आणि मालाचा प्रकार, माप, मुदत सगळं ठरलेलं हवं. हनफी मसलकात 'इस्तिस्ना'ची सोय आहे, त्यात पैसे टप्प्याटप्प्याने दिले तरी चालतात. मसलक कोणताही असो, माल कोणता आणि कसा, ते संदिग्ध ठेवणं दोन्हीकडे नापसंत. म्हणून लाकूड कोणतं, माप काय, तारीख कोणती, गाडीभाडं कुणाचं, उशीर झाला तर काय, हे लिहा आणि दोघांनी सही करा.

दुसरी गोष्ट तक्रारीची. पक्की पावती असेल तर ग्राहक म्हणून आपल्याला हक्क आहे. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करता येतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने जिल्हा आयोगात दाद मागता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क नाही. मोठ्या दुकानाने फसवलं तर हा हक्क जरूर वापरावा. पण समोर हातावर पोट असलेला कारागीर असेल, तर पहिला फोन त्याची अडचण विचारायला करावा. "माल कधी देणार?" याच्या आधी "काम कुठे अडलंय?" विचारलं, तर खरं उत्तर लवकर मिळतं.

तिसरी गोष्ट बंद घराची. कोकणात सामान पाठवायचं तर दिवाळीनंतर आणि एप्रिलच्या आत पाठवावं. पाऊस तोंडावर असताना पाठवू नये. दाराचं माप आधी घ्यावं, आणि पलंग-कपाट नट-बोल्टचं, सुटं होणारं बनवावं. पाइन हे मऊ लाकूड आहे, दमट हवेत ओल धरतं. म्हणून पॉलिश वरून तसं खालून आणि मागूनही करून घ्यावं. भट्टीत तापवलेल्या लाकडातली जुनी कीड मेलेली असते, पण नवी वाळवी लागायची थांबत नाही. सामान भिंतीपासून वीतभर दूर ठेवावं, पायांखाली दगडाचे किंवा प्लास्टिकचे तुकडे द्यावेत, कपाटाची दारं किलकिली ठेवावीत, आणि पावसाळ्यात निदान दोनदा घर उघडून वारा द्यायला कुणाला तरी सांगावं.

चौथी गोष्ट सर्वांत सोपी, आणि आम्हाला तीच सर्वांत उशिरा सुचली. माल येईपर्यंत माणसाला थांबवून ठेवू नये. कोकणातल्या गावात पलंग, खुर्ची, गादी, भांडं मागितलं तर मिळतं. जमातीकडे असतं, शेजाऱ्याकडे असतं. मागायला आपल्यालाच कमीपणा वाटतो.

कुदळवाडीतल्या त्या पत्राशेड २०२५ च्या फेब्रुवारीत पाडल्या गेल्या. आमचा मिस्त्री आता चाकणच्या बाजूला एका छोट्या गाळ्यात काम करतो. अजूनही म्हणतो, "बस, पॉलिश बाकी है." पण आता आमच्या घरातलं लग्नाचं कपाट त्यानेच बनवलं, तारीख लिहून. सहा दिवस उशीर झाला. आम्ही एकदाच फोन केला.

आणि पलंग? गेल्या वर्षी चाचीचं मांडीचं हाड मोडलं. तिचा तो लोखंडी पलंग वादळानंतरच्या ओलीत गंजून गेला होता. आम्ही मेमध्ये गेलो तेव्हा अब्बांचा पलंग सुटा करून तिच्या माजघरात मांडून आलो. एकोणीस रेघांची फळी खालच्या अंगाला तशीच आहे. सुट्टीत गेलो की आता आम्ही पुन्हा जमिनीवर गाद्या अंथरून झोपतो. आमचे गुडघे अजून शाबूत आहेत, आणि आमच्या घराला तर वर्षातले दहा महिने कुलूपच असतं.